जबाबदारी फाटकापाशी संपते काय?

कारखानदारीची जबाबदारी हा विषय महाड-पोलादपूरच्या विद्यार्थ्याला पुस्तकातून शिकावा लागत नाही. महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावलेली सावित्री पोलादपूरवरून महाडला येते आणि बाणकोटच्या खाडीतून समुद्राला मिळते. तिच्याकाठी महाडची औद्योगिक वसाहत उभी राहिली. रासायनिक कारखाने आले, त्यांबरोबर रोजगार आला आणि सांडपाण्याचा प्रश्नही आला. कारखान्याने आपले सांडपाणी शुद्ध करूनच बाहेर सोडले पाहिजे, हे १९७४ च्या जलप्रदूषण कायद्यापासून सर्वमान्य झाले आहे. त्याचे पालन किती होते हा वेगळा वाद. तत्त्वाविषयी मात्र दुमत नाही.

परंतु कारखान्यातून दोन गोष्टी बाहेर पडतात. एक नळीतून वा धुराड्यातून बाहेर पडणारी घाण, आणि दुसरी फाटकातून ट्रकमध्ये भरून बाहेर पडणारा माल. पहिलीची जबाबदारी कारखान्याची, हे आपण जाणतो. दुसरीचे काय? माल विकला, पैसे घेतले, पावती दिली, म्हणजे कारखानदार मोकळा झाला काय? हा प्रश्न सर्वांत तीव्रतेने इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या बाबतीत उभा राहतो.

या उद्योगाकडे बरीच वर्षे ‘स्वच्छ उद्योग’ म्हणून पाहिले गेले, कारण त्याला धुराडे नसते. हा भ्रम अमेरिकेतच दूर झाला. कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथे १९८१ साली फेअरचाइल्ड या कंपनीच्या जमिनीत पुरलेल्या टाकीतून द्रावक रसायन झिरपून पिण्याच्या पाण्याच्या विहिरीत गेल्याचे उघडकीस आले. पृष्ठभागावर सारे स्वच्छ होते. बिघडले होते ते जमिनीखालचे पाणी.

तीच गोष्ट तयार वस्तूची. टेबलावर ठेवलेला दूरचित्रवाणी संच कोणालाही अपाय करीत नाही. पण जुन्या पद्धतीच्या संचाच्या जाड काचेत शिसे असते, नळीच्या छोट्या दिव्यात पारा असतो, जुन्या फ्रिजमध्ये वातावरणाला हानिकारक वायू असतो. वस्तू फुटली किंवा जळली की हे सारे मोकळे होते. भंगारात तांब्याला भाव आहे, म्हणून तार जाळून तांबे काढतात; तारेवरच्या प्लॅस्टिकच्या धुरातून डायॉक्सिनसारखी विषारी द्रव्ये निघतात. मोबाइलच्या पट्टीवरील कणभर सोन्यासाठी ती आम्लात बुडवितात. उरलेले आम्ल जाते जवळच्या गटारात. काचेला व मिश्र प्लॅस्टिकला भाव नाही, म्हणून ते तसेच टाकून दिले जाते. थोडक्यात, ज्याला किंमत आहे ते बाजार उचलतो आणि ज्यात धोका आहे ते गावात राहते. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली जगात ६ कोटी २० लाख टन असा कचरा निर्माण झाला. त्यापैकी रीतसर गोळा होऊन पुनर्वापराला गेल्याची नोंद असलेला भाग केवळ २२.३ टक्के होता.

यावर उपाय म्हणून स्वीडनमधील थॉमस लिंडक्विस्ट या अभ्यासकाने १९९० साली एक तत्त्व मांडले. त्याला आपण ‘उत्पादकाची विस्तारित जबाबदारी’ म्हणू. वस्तू निकामी झाल्यावर तिची विल्हेवाट लावण्याचा भार नगरपालिकेवर नव्हे, तर उत्पादकावर असावा, असे हे तत्त्व सांगते. यामागील युक्तिवाद केवळ नैतिक नाही, व्यावहारिकही आहे. वस्तूत काय घालायचे, ती स्क्रूने जोडायची की डिंकाने चिकटवायची, किती वर्षे टिकवायची, हे उत्पादक ठरवितो. शेवटचा खर्च त्याच्याच अंगावर पडला, तर तो आरंभीच विचार करील. युरोप व जपानने याच धर्तीवर कायदे केले.

भारतात असे नियम १ मे २०१२ पासून लागू झाले. शिसे, पारा, कॅडमियम इत्यादींच्या प्रमाणावर त्यांनी मर्यादा घातली. २०१६ साली ते बदलले आणि सध्याचे नियम १ एप्रिल २०२३ पासून अमलात आहेत. त्यांत १०६ प्रकारच्या वस्तू येतात. एखाद्या वस्तूचे सरासरी आयुष्य दहा वर्षे धरले, तर दहा वर्षांपूर्वी कंपनीने जितक्या वजनाचा माल विकला त्याच्या ठरावीक टक्के वजनाचा पुनर्वापर यंदा झाला पाहिजे. हे प्रमाण पहिल्या दोन वर्षांसाठी ६०, पुढील दोन वर्षांसाठी ७० आणि २०२७-२८ पासून ८० टक्के ठरविले आहे. कंपनीने स्वतः कचरा वेचावा असे नाही. नोंदणीकृत पुनर्वापर कारखान्याकडून तेवढ्या वजनाचे प्रमाणपत्र विकत घेतले की तिचे कर्तव्य पूर्ण होते.

या प्रमाणपत्राला किमान किती भाव द्यावा यावरून वाद पेटला. सरकारने घरगुती इलेक्ट्रॉनिक वस्तूंसाठी किलोमागे किमान २२ रुपये ठरविले. २०२५ साली सॅमसंग, तसेच पुणे जिल्ह्यात रांजणगाव येथे कारखाना असलेली एलजी, अशा मोठ्या कंपन्यांनी याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली. असंघटित भंगार व्यवसायावर सरकारला नियंत्रण ठेवता येत नसेल, तर केवळ कंपन्यांकडून अधिक पैसे घेऊन हेतू साध्य होणार नाही, असे एलजीचे म्हणणे. उलट, पुरेसा भाव मिळाला नाही तर प्रामाणिक पुनर्वापर परवडणार नाही, ही सरकारची बाजू. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. पण दोन्ही बाजू बोलतात ती वजनाची आणि रुपयांची भाषा. गाव तिच्यात कुठे आहे?

हा प्रश्न महाडने विचारावा याला कारण आहे. २२ जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत तळिये गावावर दरड कोसळली, पोलादपूर तालुक्यातही दरडींनी बळी घेतले आणि सावित्रीच्या पुराने महाड शहर बुडाले. पाणी ओसरल्यावर घराघरांतून व दुकानांतून चिखलाने भरलेले संच, फ्रिज, धुलाई यंत्रे, संगणक रस्त्यावर आले. दहा वर्षांत थोडाथोडा निघणारा कचरा दोन दिवसांत निघाला. बाहेरच्या महापालिकांची पथके सफाईला आली, स्वयंसेवक राबले, तेव्हा रस्ते मोकळे झाले. हा भार कोणी उचलला? नगरपालिकेने, स्वयंसेवकांनी आणि भंगारवाल्यांनी. त्या प्रत्येक वस्तूवर कोणत्या ना कोणत्या कंपनीचे नाव ठळक अक्षरांत होते. पण कंपनीचे उद्दिष्ट देशभराच्या वजनात मोजले जाते. ते मोठ्या शहरातील मालावर पुरे झाले, तर महाडच्या ढिगाकडे पाहण्याचे बंधन कोणावरच राहत नाही. कागदावर जबाबदारी पूर्ण होते आणि नदीकाठी कचरा शिल्लक राहतो, असे दोन्ही एकाच वेळी घडू शकते.

म्हणून नियमांत दोन सुधारणा हव्यात असे वाटते. उद्दिष्टाचा काही भाग तालुक्याच्या गावांतून गोळा होणाऱ्या मालासाठी राखून ठेवावा. आणि पूर, दरड, वादळ अशा आपत्तीनंतर ठरावीक दिवसांत निकामी वस्तू उचलून नेण्याचे काम उत्पादकांनी एकत्र येऊन करावे. कोकणात पूर ही अघटित घटना नव्हे. तिची तयारी आधी करता येते.

भंगारवाल्याला मात्र या चर्चेत खलनायक ठरवू नये. आज दारोदार फिरून वस्तू गोळा करणारा तोच आहे. त्याने तार जाळू नये असे वाटत असेल, तर न जाळता ती विकण्याची सोय त्याला मिळाली पाहिजे.

आपल्या हाती काय आहे? निकामी मोबाइल व दिवे घरच्या कचऱ्यात न टाकता वेगळे ठेवणे, वस्तू घेतानाच ‘जुनी परत घेता का?’ असे दुकानदाराला विचारणे, आणि राष्ट्रीय सेवा योजनेच्या वतीने वर्षातून एकदा असा माल गोळा करून नोंदणीकृत कारखान्याकडे वजनाच्या पावतीसह पाठविणे. ती पावती लहान असेल. पण अमुक इतका कचरा महाडचा होता, असे सांगणारा तो एक लेखी पुरावा असेल, आणि कंपनीला पत्र लिहिताना तो सोबत जोडता येईल. २० मार्च १९२७ रोजी याच शहरात चवदार तळ्यावर पाण्याचा हक्क मागितला गेला. ते पाणी निर्मळ राहावे यासाठी उत्पादकाला जाब विचारणे, हे त्या हक्काचेच पुढचे कलम होय.