दुःखाच्या वेळीही भाव विचारावा



बैल घ्यायचा तर आपण चार बाजार फिरतो. दात पाहतो, चाल पाहतो, मगच पैसे मोजतो. पण घरात मयत झाले म्हणजे आपण एकही भाव विचारीत नाही. समोरचा मागेल तेवढे देतो. "आता बापाच्या मढ्यावर काय घासाघीस करायची? लोक काय म्हणतील?" असे आपल्याला वाटते.

आम्ही म्हणतो, यात लाज कसली? भाव विचारला म्हणून गेलेल्या माणसाचा अपमान होत नाही. त्याने जन्मभर घाम गाळून पै-पै जोडली. ती पै जपून खर्चावी, यातच त्याचा मान आहे.

विचारायचे कोणी?

दुःखातल्या माणसाला हिशेब सुचत नाही. म्हणून घरच्या कर्त्याने हे काम अंगावर घेऊ नये. भावकीतला किंवा शेजारचा एक शहाणा, लिहिता-वाचता माणूस नेमावा. सगळे पैसे त्याच्याच हातून जावेत. कोणाला किती दिले, ते त्याने वहीत लिहावे.

गाडीचे भाडे

समजा, माणूस जिल्ह्याच्या दवाखान्यात वारला. तिथून गाव ४० किलोमीटर. गाडीवाला म्हणतो, "किलोमीटरला २५ रुपये." आपण मनात धरतो, १,००० रुपये झाले. गावात आल्यावर तो २,००० मागतो. का? तर जाणे-येणे धरून ८० किलोमीटर झाले, म्हणतो. थांबल्याचे आणि रात्रीचे वेगळे. दारात प्रेत, घरात रडारड. तेव्हा वाद कोण घालणार?

म्हणून गाडी हलण्याआधीच विचारावे, "काय हो, घरापर्यंत सगळे मिळून किती पडतील? भाडे एकेरी की जाऊन-येऊन?" दोघा-तिघा गाडीवाल्यांना विचारावे. ठरलेला आकडा कागदावर लिहून घ्यावा. आणखी एक ध्यानात ठेवा. प्रेत नेणे, दहन, दफन या सेवांवर जी. एस. टी. लागत नाही. २०१७ च्या कायद्यातच तसे लिहिले आहे. कोणी तो कर लावला, तर देऊ नये.

दवाखान्याचे बिल बाकी राहिले, तर काही ठिकाणी प्रेत अडवतात. हे बरोबर नाही. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने रुग्णांच्या हक्कांची सनद तयार केली आहे. बिलासाठी प्रेत अडवू नये, असे तीत सांगितले आहे. बिलही नुसता एक आकडा घेऊन भरू नये. औषध किती, खोली किती, तपासण्या किती, असे फोडून मागावे.

सामान आणि लाकूड

मर्तिकाचे सामान विकणारा सगळे एकत्र बांधून देतो आणि एकच आकडा सांगतो. त्याला म्हणावे, "बाबा, एकेकाचा भाव सांग." बांबू किती, कापड किती, मडके किती, हार किती. नको ती वस्तू बाजूला काढता येते. कापूर, तूप, अगरबत्ती यांच्या पुड्यांवर किंमत छापलेली असते. त्यापेक्षा जास्त घेणे हा गुन्हा आहे. आता आपल्याला वाचता येते. मग छापलेले वाचूनच पैसे द्यावेत.

लाकूड विकत घेतले, तर काट्यावर मोजून घ्यावे. अंदाजाने ढीग घेऊ नये. वाळलेले लाकूड घ्यावे. ओले लाकूड वजनाला जास्त भरते अन् जळताना नडते.

दहावा आणि तेरावा

खरा खर्च पुढेच असतो. मंडप, खुर्च्या, आचारी, जेवणावळ, दक्षिणा. इथेही प्रत्येकाशी आधी बोलावे. ताटाला किती, ताटे किती, हे आधी ठरवावे. त्याने तसे केले म्हणून आपणही करावे, असे नाही. ऋण काढून सण करू नका, असे संत गाडगेबाबा गावोगाव कीर्तनात सांगत. १९५६ साली बाबा गेले. त्यांचे सांगणे मर्तिकालाही तितकेच लागू आहे. जेवणावळीसाठी सावकाराकडे जमीन अडकली, तर जेवून गेलेले लोक ती सोडवायला येत नाहीत.

कायदा काय सांगतो?

पैसे देऊन माल किंवा सेवा घेणारा तो ग्राहक. मयताची गाडी घेणाराही ग्राहकच. वस्तूची किंमत आधी कळणे हा ग्राहकाचा हक्क आहे. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २०२० च्या जुलैपासून लागू झाला. माल किंवा सेवा दिल्यावर पावती न देणे ही त्या कायद्याने अनुचित प्रथा ठरते. फसवणूक झाली, तर १९१५ या नंबरावर फोन करावा. त्याला पैसे पडत नाहीत. जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडेही तक्रार करता येते. मात्र हातात पावती किंवा लिहिलेला कागद असला, तर आपले म्हणणे टिकते.

मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करावी. माणूस घरी वारला असेल, तर ग्रामपंचायतीत जाऊन सांगावे. वेळेत नोंद केली, म्हणजे माहिती देणाराला दाखला फुकट मिळतो. वारसाची नोंद, विमा, बँक, सगळीकडे हा दाखला लागतो.

गावाने काय करावे?

हे सारे ऐन वेळी सुचत नाही. म्हणून आधीच ग्रामसभेत विषय काढावा. जवळच्या गाड्यांचे भाडे, लाकडाचा भाव, सामानाचा भाव विचारून एका कागदावर लिहावा. तो कागद चावडीवर लावावा. भाव बदलले, की कागद बदलावा. गरिबाच्या घरी मयत झाले, तर त्याला कोणाच्या तोंडाकडे पाहावे लागणार नाही.

आता वही घ्या आणि एवढे उतरून काढा :

१. भाव आधी विचारावा.
२. एकेकाचा वेगळा विचारावा.
३. लिहून घ्यावा.
४. पावती घ्यावी.
५. कर्ज काढून जेवणावळ घालू नये.