जुना ट्रॅक्टर घरी दुरुस्त करताना : रंग सगळ्यात शेवटी!

आमच्या गोठ्यामागे आजोबांचा एचएमटी झेटर २५११ कितीतरी वर्षं पडून होता. हौसेने आम्ही आधी त्याला रंग दिला आणि मग दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढून चालू करायला गेलो. सायलेन्सरमधून पावसाचं पाणी सिलिंडरमध्ये उतरलं होतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. त्यामुळे कनेक्टिंग रॉडच वाकला. रंगाचे पैसे गेले, वर इंजिन खोलावं लागलं.

कमी खर्चात करायचं तर क्रम असा ठेवा :

१. इंजिन ऑइल काढून बघा. दुधाळ दिसलं तर त्यात पाणी आहे.
२. इंजेक्टर काढा आणि पान्याने इंजिन हळूहळू फिरवा. पाणी असेल तर भोकातून बाहेर येईल. जाम असेल तर थोडं डिझेल-ऑइल सोडून दोन-तीन दिवस थांबा, जोर करू नका.
३. टाकी धुवा, फिल्टर बदला, एअर काढा.
४. ब्रेक तपासा. नुसत्या जॅकवर विसंबू नका, लाकडी ठोकळे लावा.
५. मग रंग!

वर्गात बिनसुईची सिरिंज घ्या. तोंड बोटाने बंद करून आधी हवा, मग पाणी दाबायला सांगा. आमचा रॉड का वाकला, हे मुलंच तुम्हाला सांगतील.