हात वर करून उभा असलेला माणूस

शाळेची घंटा होण्यापूर्वीचा अर्धा तास भातकुलीसारख्या तालुक्याच्या गावी रस्त्यावरही सर्वाधिक वर्दळीचा असतो; अमरावतीची एस.टी. गाठणारे, तहसील कचेरीत फेरफाराच्या कामासाठी निघालेले शेतकरी, आणि हंगाम असेल तर कापसाने दाटून भरलेल्या गाड्या, या साऱ्यांच्या मधून दप्तर सावरीत मुलांना पलीकडे जायचे असते. पूर्णेच्या खोऱ्यातील काळी चिकण माती पावसाळ्यात ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर डांबरावर येते, आणि मग ब्रेक लावूनही गाडी जागच्या जागी थांबेल याचा भरवसा राहत नाही. ताशी 50 किलोमीटर वेगाचे वाहन एका सेकंदात सुमारे 14 मीटर पुढे सरकते. उभ्या ट्रॉलीआडून निघालेले सात वर्षांचे पोर तेवढ्या अवधीत चालकाला जेमतेम दिसलेले असते.

अशा ठिकाणी हात वर करून ‘थांब ना भाऊ, पोट्टे जाऊ दे’ म्हणणारा शाळेचा शिपाई, एखादे शिक्षक किंवा नातवाला पोचवायला आलेले आजोबा मला फार मोलाचे वाटतात. आपल्याकडील अनेक शाळांत आर.एस.पी. म्हणजे रस्ता सुरक्षा पथकातील विद्यार्थीही हे काम शिकतात. परंतु या माणसाच्या हाताला कायद्याचा आधार जवळजवळ नाही. मोटार वाहन अधिनियम, 1988 मधील कलम 119 चालकाला वाहतूक नियंत्रित करणाऱ्या पोलीस अधिकाऱ्याचा आदेश पाळण्यास बांधते. शाळेच्या शिपायाचा त्यात उल्लेख नाही. इंग्लंडात 1953 साली खास कायदा करून शाळेच्या वाटेवर फलक घेऊन उभ्या राहणाऱ्या अशा व्यक्तीला वाहने थांबविण्याचा अधिकार देण्यात आला, आणि तो फलक न जुमानणे हा गुन्हा ठरला.

आपल्याकडे मात्र त्याचा अधिकार गावाच्या संमतीतूनच यावयाचा आहे. याच अमरावती जिल्ह्यात शेंडगावी जन्मलेल्या गाडगेबाबांनी कोणाच्या हुकुमाची वाट न पाहता खराटा हाती घेतला, आणि गावेच्या गावे त्यांच्यामागे झाडू लागली, ही फार जुनी गोष्ट नव्हे.

शिक्षणहक्क कायद्याने स्थापन होणाऱ्या शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात. तिने ठराव करून या कामाला रीतसर मान्यता द्यावी, ‘थांबा’ लिहिलेला फलक, चकाकणारे जाकीट आणि एक रेनकोट पुरवावा, आणि ठाण्यात तसे लेखी कळवावे. खर्च एखाद्या पानसुपारीच्या कार्यक्रमाइतकाही नाही. पण वस्तूंहून अधिक गरज माणसांची आहे: शाळेसमोर मुलाला सोडून रस्त्याच्या मधोमध दुचाकी वळविणारा पालकच पुष्कळदा त्या उंचावलेल्या हाताचा पहिला अवमान करतो, आणि त्याला शेजारच्या दुकानदाराने दोन शब्द सुनावले तर ते शिपायाच्या दहा विनवण्यांपेक्षा लागू पडतात.

या कामाच्या आठवड्याच्या पाळ्या शाळेच्या फळ्यावर खडूने लिहून ठेवाव्यात. हात वर करून उभा राहणारा माणूस तापाने आडवा झाला, तर ऐन घंटेच्या वेळी बदली माणसाची शोधाशोध करावी लागू नये.