चीनचे परराष्ट्र-धोरण (लेखांक सहावा) : सरहद्दीकडून सागराकडे

पंचशील करारापासून १९६२च्या युद्धापर्यंत चीनच्या राज्यकर्त्यांची दृष्टी खिंडी, पठारे आणि सरहद्दी यांवरच कशी खिळली होती, हे मागील लेखांकात पाहिले. ती सागराकडे का वळली, हा प्रश्न नवी मुंबईतील करावे गावच्या वाचकास तरी परका वाटू नये. कारण तेथील ‘चाणक्य’ या सागरी प्रशिक्षणसंस्थेतून शिकून निघालेला तरुण पुढे ज्या जलमार्गांवर नोकरी करतो, त्याच जलमार्गांवर हे धोरण पालटले आहे.

२६ मे १९८९ रोजी न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदर कार्यान्वित झाले, आणि त्यानंतर नवव्या दिवशी बीजिंगच्या तिआनमेन चौकात लष्कराने निदर्शकांचा मोड केला. पाश्चात्त्य राष्ट्रांनी निर्बंध लादताच डेंग शियाओपिंग यांनी सहकाऱ्यांना सल्ला दिला तो हा, की आपले सामर्थ्य झाकून ठेवावे आणि पुढारपणाची हौस धरू नये. परंतु कारखानदारी वाढली तशी तेलाची गरजही वाढली. १९९३पासून चीन तेलाचा निव्वळ आयातदार झाला, आणि त्या तेलाचा मोठा हिस्सा मलाक्काच्या चिंचोळ्या सामुद्रधुनीतून येत असल्यामुळे, ती वाट कोणी अडविली तर काय, ही चिंता हू जिंताव यांच्या कारकिर्दीत उघडपणे बोलली जाऊ लागली.

संधी दिली ती सोमाली चाच्यांनी. डिसेंबर २००८मध्ये दोन विनाशिका आणि एक रसदवाहू जहाज असा चिनी काफिला एडनच्या आखाताकडे निघाला. भारतीय नौदल ऑक्टोबरपासूनच तेथे गस्त घालीत होते; पुढे २०१२मध्ये भारत, चीन आणि जपान यांनी व्यापारी जहाजांना सोबत देण्याची वेळापत्रकेही परस्परांशी जुळवून घेतली. ज्याच्या गस्तीने आपलीही गलबते निर्धोक होतात, त्याच्या येण्याला हरकत कोण आणि कोणत्या तोंडाने घेणार?

मात्र गस्तीच्या जहाजांना इंधन हवे, शिधा हवा, दुरुस्तीची तजवीज हवी. आणि या निकडीतूनच, परदेशी लष्करी तळ म्हणजे साम्राज्यशाहीचे लक्षण असे दशकानुदशके बजावीत आलेल्या राष्ट्राने २०१७मध्ये जिबूती येथे आपला पहिला परदेशी तळ उघडला, त्याला ‘रसदकेंद्र’ असे सौम्य नाव दिले. त्याच वर्षी श्रीलंकेतील हंबनटोटा बंदर ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने एका चिनी सरकारी कंपनीकडे गेले. शी जिनपिंग यांनी ऑक्टोबर २०१३मध्ये इंडोनेशियाच्या संसदेपुढे सागरी रेशीममार्गाची घोषणा केली खरी; पण त्यापूर्वी पाच वर्षे चिनी आरमार त्या वाटेवर वावरतच होते.

तात्पर्य, अहस्तक्षेपाची जुनी वचने दप्तरात जशीच्या तशी राहिली आणि व्यवहार मात्र उपयुक्ततेच्या मार्गाने, कोणाशी फारसा तंटा न करता, पुढे सरकत गेला. म्हणून या धोरणाचा अभ्यास भाषणांवरून करण्यापेक्षा बंदरांचे करारनामे आणि जहाजांची वेळापत्रके यांवरून केलेला बरा. भूमीवर मात्र हीच सबुरी का टिकली नाही, याचा विचार गलवानच्या संदर्भात पुढील लेखांकात करू.

(क्रमशः)