सोपं कुणाचं? विंडोजचं, मॅकचं की लिनक्सचं?

दोस्तांनो, कॉम्प्युटरवरची खिडकी बंद करायचं बटण कुठे असतं? विंडोज वापरणारा म्हणेल, "उजवीकडे!" मॅकवाला म्हणेल, "छे, डावीकडे!" दोघांनाही आपलंच सोपं वाटतं. पण ही झाली सवय. खरा सोपेपणा सवयीहून वेगळा, आणि तो चक्क मोजता येतो, बरं का!

१९५४ साली पॉल फिट्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने एक नियम मांडला. लक्ष्य जितकं मोठं आणि जवळ, तितका हात तिथे लवकर पोचतो. आता मॅक पाहा. त्याचा मेनू पडद्याच्या अगदी वरच्या कडेला असतो. माऊस कितीही जोरात सरकवा, बाण कडेपाशी अडतोच. म्हणजे नेम चुकायची भीती कमी! विंडोजमध्ये मेनू बहुधा त्या त्या खिडकीतच असतो. तिथे नेम धरावा लागतो, पण मोठ्या पडद्यावर बाणाला लांबचा प्रवास करावा लागत नाही. दोघांचंही थोडं थोडं बरोबर!

विंडोज ९५ तयार होत असताना मायक्रोसॉफ्टने नवख्या माणसांना कॉम्प्युटरपुढे बसवून पाहिलं. प्रोग्रॅम सुरू कुठून करायचा, हेच अनेकांना कळेना. म्हणून १९९५ साली कोपऱ्यात 'स्टार्ट' बटण आलं. गंमत अशी, की कॉम्प्युटर बंद करायलाही 'स्टार्ट'च दाबायचं! मॅकवाल्यांनी मात्र हसू नये. जुन्या मॅकमधून फ्लॉपी बाहेर काढायला तिचं चित्र कचऱ्याच्या डब्यात टाकत. नवख्याला वाटे, आता सगळं पुसलं जाणार!

२०१२ साली विंडोज ८ मधून हे बटण काढून टाकलं. लोक इतके गोंधळले, की २०१३ साली ८.१ मध्ये ते परत आणावं लागलं.

आणि लिनक्स? त्याला चेहरे अनेक. 'केडीई'चा चेहरा विंडोजच्या सवयीचा, 'नोम'चा अगदी साधा, मोकळा. आवडेल तो निवडा. पण मित्राच्या लिनक्सवर बसलात, तर सगळं भलतीकडेच सापडेल!

आता प्रयोग करू या. घरातल्या ज्यांना कॉम्प्युटरची सवय नाही, अशा आजी-आजोबांना, मावशीला बसवा. तीन कामं सांगा: चित्र काढायचा प्रोग्रॅम उघडा, चित्र जतन करा, बंद करून ते पुन्हा शोधा. घड्याळ लावा. कोण कुठे अडलं, ते वहीत लिहा. अट एकच: मध्ये बोलायचं नाही आणि माऊस हिसकावायचा नाही! आईबाबांनो, ही अट तुम्हालाही लागू.

सुरुवातीलाच सांगा, "आजी, परीक्षा तुझी नाही हं, कॉम्प्युटरची आहे." कारण तीन जणं एकाच जागी अडली, तर चूक त्यांची नसते, ते बटण तिथे ठेवणाऱ्याची असते. "मला नाही बाई जमायचं" म्हणत कितीतरी माणसं उगाचच कॉम्प्युटरपासून लांब राहतात.

मग, या रविवारी कुणाला बसवताय?