मोडीतून घडलेले आसन

यंत्राचे आयुष्य संपले, म्हणजे त्याच्या प्रत्येक भागाचेही संपले असे नव्हे. १९८१ साली लंडनमध्ये, वास्तुशास्त्र शिकलेल्या रॉन अराड यांनी भंगारात निघालेल्या रोव्हर मोटारीची चामडी बैठक निवडली. बैठक सुखद होती. परंतु तिला पाय नव्हते. अराड यांनी पोलादी नळ्यांची चौकट रचली व ती ओतीव सांध्यांत स्क्रू आवळून जोडली. वेल्डिंगची गरजच उरली नाही. हीच ती प्रसिद्ध ‘रोव्हर खुर्ची’. मात्र त्या जातीच्या मोटारींचे उत्पादन १९७७ मध्येच थांबले होते. साहजिकच बैठकांचा साठाही मर्यादित होता. लाकडासाठी वृक्ष पुन्हा लावता येतो. मोडीतून घडणाऱ्या वस्तूसाठी मात्र आधी काहीतरी मोडावे लागते.