न्हावा शेवाचं अंतर-मंतर!

माहीत आहे का? न्हावा शेवाहून निघालेल्या कंटेनर जहाजाला दुबईच्या जेबेल अली बंदरात पोचायला साधारण अडीच-तीन दिवस लागतात. मुंबईहून विमानाने दुबई? सुमारे १,९०० किलोमीटर, जेमतेम सव्वातीन तास. एक पिक्चर, एक डुलकी, खेळ खल्लास!

जोडी नंबर वन
जेबेल अलीच्या शेजारी अल मक्तूम विमानतळ आहे. न्हावा शेवालाही आता तसाच शेजार मिळालाय. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई विमानतळावरून प्रवासी विमानं उडू लागली.

किलोमीटर? नॉट अलाउड!
जहाजाचा कॅप्टन आणि विमानाचा पायलट, दोघांची मोजपट्टी एकच: नॉटिकल मैल, म्हणजे १.८५२ किलोमीटर. वेग मोजायचा तो नॉटमध्ये. पाणी असो की हवा, हिशोब सेम टु सेम!

उधारीचा दीड तास
सकाळी दहाला मुंबईहून उडालात, तर दुबईत उतरताना तिथल्या घड्याळात पावणेबारा! दीड तास फुकट? छे हो, परतताना वसुली होते, बिनव्याजी. सिंगापूरचा खाक्या उलटा: साडेपाच तासांच्या प्रवासात घड्याळ आठ तास पुढे.

वारा आला रे!
हिवाळ्यात उंचावर पश्चिमेकडून जोरदार वारे वाहतात. म्हणून दुबईहून येणारं विमान जाणाऱ्यापेक्षा लवकर पोचतं. अंतर तेच, पण पाठीवर फुकटचा टर्बो!

जेआरडी एक्सप्रेस
१५ ऑक्टोबर १९३२. जेआरडी टाटा एका इंजिनाच्या चिमुकल्या पस मॉथमध्ये टपाल घेऊन कराचीहून निघाले, अहमदाबादला थांबून जुहूला उतरले. सरळ रेषेत हे अंतर पावणेनऊशे किलोमीटरच्या आसपास. १९८२ मध्ये, वयाच्या ७८व्या वर्षी, त्यांनी तीच सफर पुन्हा केली. रिपीट टेलिकास्ट, तोही लाइव्ह!

डोंगर आडवा आला, मग?
डोंगरच हटवला! नवी मुंबई विमानतळाची ३,७०० मीटरची धावपट्टी सहज बसत नाही. उलव्याची टेकडी सपाट झाली, उलवे नदीची वाट वळवली.

साडेबारा टक्के
थोडं सीरियस. उरण-पनवेलमध्ये हा आकडा पोरासोरांनाही पाठ! सिडकोने घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्के विकसित भूखंड, हा हक्क मिळाला तो जासईचे दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या १९८४ च्या लढ्यातून. त्यात पाच जण हुतात्मा झाले. नव्या विमानतळाला 'दिबां'चं नाव द्या, हा भूमिपुत्रांचा आग्रह त्यातूनच.

जाता जाता, कोड बघा!
मुंबईचे दोन विमानतळ हवेतून मोजले तर एकमेकांपासून सुमारे २४ किलोमीटर लांब. जेटच्या वेगाने दोन मिनिटं, टॅक्सीने मात्र ट्रॅफिकच्या मर्जीवर! म्हणून बुकिंग करताना नीट वाचा: 'बीओएम' म्हणजे जुना, 'एनएमआय' म्हणजे नवा. चुकलात, तर आशियातला सगळ्यात महाग पडणारा २४ किलोमीटरचा प्रवास तुमच्याच नावावर!